‘माझा गोल वाटीसारखा का होतो?’ आणि पिंटरेस्टवरची माझी तीन वर्षं

क्रोशाच्या विणकामावर मी लिहायला लागले तेव्हा सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि वाचणारं जवळजवळ कुणी नव्हतं. साइट साधी, माझी मीच उभी केलेली. एकेका लेखामागे तीन-चार दिवस जायचे. आधी विणायचं, दर फेरीला थांबून फोटो काढायचा, चुकलं की उसवायचं, परत विणायचं आणि शेवटी टाके मोजून सगळं लिहून काढायचं. लेख तयार झाला की तयार वस्तूचा फोटो मी समाजमाध्यमावर टाकायची. पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी तुरळक, तिसऱ्या दिवशी तो फोटो कुणाच्या डोळ्यांसमोरच नसायचा. फोटो पाहून साइटपर्यंत येणारं माणूस विरळाच. मग पुढचा फोटो, पुढचा दिवस. वर्षभर हे चाललं आणि मी दमले.

एकदा एका मैत्रिणीला बाळाची टोपी विणायची होती. ती माझ्यासमोर बसून मोबाइलवर नमुना शोधत होती. तिनं पिंटरेस्ट, म्हणजे चित्रं शोधून जमवून ठेवायची साइट, उघडलं, वर शोधायच्या जागी चार शब्द टाकले आणि समोर आलेल्या चित्रांवरून बोट फिरवत गेली. एका चित्रावर थांबली, ते आपल्या बोर्डवर, म्हणजे तिथल्या तिच्या संग्रहात, ठेवलं, मग उघडलं आणि तिथून सरळ कुणाच्या तरी साइटवर गेली. कुणी विणलंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ते चित्र कधी टाकलेलं आहे हेही तिनं पाहिलं नाही. तिला टोपी हवी होती आणि ती मिळाली. नंतर मी ते पान नीट पाहिलं. लेख चार वर्षांपूर्वीचा होता.

मला जे हवं होतं ते हेच होतं. मी त्या रात्री पिंटरेस्टवर बसले ती फोटो टाकायला नव्हे, नुसते शब्द टाकून बघायला.

पिंटरेस्ट २०१० पासून आहे. त्याच्या संस्थापकांपैकी बेन सिल्बरमन लहानपणी किडे जमवायचे, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. बोर्ड ही कल्पना संग्राहकाच्या ट्रेसारखी आहे हे त्यावरून मला चटकन कळलं. लोक तिथे गप्पा मारायला फारसे येत नाहीत. पुढे कधीतरी करायच्या गोष्टी जमवून ठेवायला येतात आणि त्यासाठी शोधतात. म्हणून मी त्याच्याकडे समाजमाध्यम म्हणून बघणं सोडलं आणि शोधयंत्र म्हणून बघायला लागले. माझ्या कामात पुढे जे जे बदललं त्याची सुरुवात इथे झाली.

सुरुवातीची जुळवाजुळव एका दुपारी आटोपली. खातं व्यावसायिक प्रकारात बदललं, त्याला पैसे पडत नाहीत. साइट माझी आहे हे सिद्ध करायला त्यांनी दिलेला एका ओळीचा मेटा टॅग, म्हणजे कोडची खूण, साइटच्या शीर्षभागात चिकटवला. लेखांची शीर्षकं आणि वर्णनं पिंटरेस्टला आपोआप वाचता यावीत म्हणून साइटवर ओपन ग्राफची माहिती नीट भरली. ही कामं करावीच लागतात, पण त्यांच्यात अडकून पडण्यासारखं काही नाही.

खरा वेळ गेला तो शब्दांवर. माझ्या बोर्डांची नावं मला फार आवडायची. ‘लोकरीची स्वप्नं’, ‘हातांचा उत्सव’, ‘पहाटेचे टाके’. एकेक नाव सुचायला मी संध्याकाळ घातलेली. पण ‘पहाटेचे टाके’ असं कुणी शोधत नाही. मी एक वही घेतली आणि शोधाच्या जागी ‘क्रोशे’ टाकून खाली येणाऱ्या सूचना उतरवून काढल्या. मग ‘क्रोशे’पुढे एकेक अक्षर टाकून परत. एखादा शोध पूर्ण केला की चित्रांच्या वर छोट्या पट्ट्यांमध्ये आणखी शब्द येतात: नवशिक्यांसाठी, सोपं, मोफत, बाळासाठी, जाड लोकर. त्या पट्ट्या म्हणजे लोक आपला शोध पुढे कसा बारीक करत नेतात याचा नकाशाच. दोन संध्याकाळींत वहीची अकरा पानं भरली. पैसे देऊन घेतलेल्या कुठल्याही साधनापेक्षा ही वही मला अजून जास्त उपयोगी पडते.

त्या वहीतून एक गोष्ट लक्षात आली जी मी विणकाम करूनही विसरले होते. माझी साइट इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीत टाक्यांची नावं अमेरिकेत एक आणि ब्रिटनमध्ये दुसरी. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. अमेरिकेतला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, ब्रिटनमध्ये त्याचा ट्रेबल होतो. एकच शब्द, दोन वेगळे टाके. मी लेखांत दोन्ही पद्धती सरमिसळ वापरल्या होत्या. शोधणारी बाई योग्य शब्द टाकून माझ्याकडे आलीच असती तरी विणताना तिची फसगत झाली असती. मी सगळे लेख एकाच पद्धतीत आणले, प्रत्येकाच्या माथ्यावर कोणती पद्धत ते लिहिलं आणि पिनच्या, म्हणजे पिंटरेस्टवर टाकलेल्या दुव्यासकट चित्राच्या, वर्णनातही तेच घातलं. शोधासाठी शब्द नीट करायला गेले आणि त्यात लेखच सुधारले, हे मला फार समाधान देऊन गेलं.

बोर्डांची नावं बदलली. ‘पहाटेचे टाके’चं झालं ‘नवशिक्यांसाठी क्रोशे टाके’. सरळ, रुक्ष आणि अचूक. ‘हातांचा उत्सव’ फोडून त्याचे तीन बोर्ड केले: टोप्या, पांघरुणं आणि अमिगुरुमी, म्हणजे ती भरीव लोकरीची खेळणी. प्रत्येक बोर्डाला दोन-तीन वाक्यांचं वर्णन लिहिलं. नवी पिन आधी तिच्या सगळ्यात जवळच्या बोर्डावरच ठेवायची असा नियम केला. यामागचं कारण मला पुढे एका शोधनिबंधात सापडलं. २०१८ साली पिंटरेस्ट आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पिनसेज नावाची पद्धत मांडली. तिच्यात पिना आणि बोर्ड मिळून ३ अब्ज गाठींचं आणि १८ अब्ज जोडण्यांचं एक जाळं आहे. एखादी पिन कशाबद्दल आहे हे तिच्या चित्रावरून आणि शब्दांवरून कळतंच, शिवाय ती कुठल्या बोर्डांवर, कुठल्या इतर पिनांच्या शेजारी बसली आहे यावरूनही कळतं. विणणाऱ्या माणसाला हे समजवायला नको. टाका कसा दिसतो ते तो कशात घातलाय यावरच ठरतं. टोपीची पिन मी ‘माझं सगळं काही’ नावाच्या बोर्डावर टाकत होते, तेव्हा मी तिची शेजारपाजारची ओळखच पुसून टाकत होते.

यानंतर काही झालं नाही.

हे मी मुद्दाम एका ओळीत वेगळं लिहितेय, कारण बहुतेक लोक इथेच सोडतात. पहिल्या महिन्यात साइटवर आलेले क्लिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दुसऱ्या महिन्यात तितकेच. आकड्यांच्या पानावर इम्प्रेशन मात्र वाढलेले दिसायचे आणि त्या वाढत्या रेषेनं मी काही आठवडे भुलले. इम्प्रेशन म्हणजे पिन कुणाच्या तरी पडद्यावरून गेली, इतकंच. मग सेव्ह, म्हणजे कुणीतरी ती आपल्या बोर्डावर ठेवली. पिन क्लिक म्हणजे ती मोठी करून पाहिली. आणि आउटबाउंड क्लिक म्हणजे माणूस खरंच साइटकडे निघालं. मला शेवटच्या आकड्याशी मतलब होता. पण सेव्हकडे दुर्लक्ष करून चालत नाही हेही हळूहळू समजलं. कुणी पिन सेव्ह केली की तिला एक नवा बोर्ड मिळतो, नवे शेजारी मिळतात, आणि ती आणखी कुणापुढे येण्याची एक वाट उघडते. ती वाट उघडायला वेळ लागतो. पिना रुजतात, असं मी तेव्हा स्वतःला सांगायची आणि आठवड्याला पाच-सहा टाकत राहायची. एका दिवसात पन्नास टाकून महिनाभर गप्प बसण्यापेक्षा हे मला झेपणारं होतं.

पाचव्या महिन्यात एक पिन उगवली आणि ती मी सगळ्यात कमी आशेनं केलेली होती.

गोल विणताना नवशिक्यांचं हमखास एक होतं. गोल सपाट न राहता कडेनं वर उचलला जातो आणि त्याची वाटी होते. किंवा उलट, कडेला झालर पडल्यासारख्या लाटा येतात. कारण हिशोबाचं आहे. मुक्या खांबानं सपाट गोल हवा असेल तर पहिल्या फेरीत ६ टाके घ्यायचे आणि पुढे दर फेरीत ६ वाढवत जायचे: ६, १२, १८, २४. खांबानं विणायचं असेल तर १२ पासून सुरुवात आणि दर फेरीला १२ची वाढ. वाढ कमी पडली की वाटी, जास्त झाली की झालर. मी एकाच लोकरीचे, एकाच सुईचे तीन गोल विणले. एक मुद्दाम कमी टाक्यांचा, एक बरोबर, एक मुद्दाम जास्त टाक्यांचा. राखाडी कागदावर तिन्ही एकाखाली एक ठेवले, खिडकीच्या उजेडात वरून फोटो घेतला. वाटी झालेल्या गोलाची सावली नीट पडावी म्हणून उजेड बाजूनं येईपर्यंत थांबले. चित्रावर मोठ्या अक्षरांत फक्त प्रश्न लिहिला: ‘माझा गोल वाटीसारखा का होतो?’ आणि प्रत्येक गोलाशेजारी एकेक शब्द, कमी, बरोबर, जास्त.

फोटो म्हणून ते काही देखणं नव्हतं. मी विणलेल्या जाळीच्या शालीचा फोटो त्याच्या दसपट सुंदर होता. पण शालीच्या पिनला कौतुक मिळालं आणि गोलाच्या पिनला माणसं मिळाली. मला वाटतं, अडलेलं माणूस रात्री हातात सुई घेऊन बसलेलं असतं, त्याच्यासमोर वाटी झालेला गोल असतो आणि पडद्यावर त्याला हुबेहूब तीच वाटी दिसते. तो थांबणारच. चित्रावरून चित्र शोधायची सोय पिंटरेस्टनं २०१५ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये कॅमेऱ्यानं शोधायची लेन्स. म्हणजे शब्दांशिवायही तुमचं चित्र वाचलं जातं. त्यामुळे चित्रात विषय स्पष्ट हवा. मागे फुलदाणी, चष्मा, कॉफीचा मग अशी सजावट मी आधी करायची, ती सगळी काढून टाकली. लोकर, टाका, हात, बस.

आकाराबाबत थोडं. उभं चित्र, २ ला ३ या प्रमाणात. मी १००० बाय १५०० पिक्सेलचं करते. चित्रावरची अक्षरं मोबाइल हातभर लांब धरून वाचता येतात का ते बघते, नाही आली तर शब्द कमी करते. पिनच्या शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण यादीत पुढचाच भाग दिसतो, म्हणून माणूस जे टाकून शोधेल ते अगदी सुरुवातीला. वर्णनात कीवर्डांची, म्हणजे नुसत्या शोधशब्दांची, माळ ओवू नका. मी ओवून पाहिली आहे. वाचायला वाईट दिसते आणि क्लिकही आणत नाही. आता मी दोन-तीन पूर्ण वाक्यं लिहिते: काय विणलंय, कुठल्या टाक्यानं, कुणाला जमेल, पानावर काय मिळेल. पर्यायी मजकूर मात्र शोधासाठी लिहीत नाही. ज्यांना चित्र दिसत नाही त्यांच्या स्क्रीन रीडरसाठी तो आहे, तिथे चित्रात जे आहे ते प्रामाणिकपणे लिहायचं.

गोलाच्या पिननं मला लेख कसे निवडावेत तेही शिकवलं. वहीतल्या सूचनांकडे परत गेले आणि या वेळी ‘कसं’, ‘का’, ‘दुरुस्ती’ या शब्दांभोवतीच्या ओळींवर खुणा केल्या. कडा वाकड्या का होतात, रंग बदलताना गाठ कशी लपवायची, कामाच्या शेवटी उरलेला धागा कसा ओवून टाकायचा. असे नऊ लेख लिहिले. त्यातले चार अजून रोज माणसं आणतात. पाच पडले. का पडले ते प्रत्येकाचं सांगता येणार नाही, पण दोन लेखांत पिन एक सांगत होती आणि पान उघडल्यावर उत्तर सापडायला खूप खाली जावं लागत होतं. लोक तिथून लगेच परत जात होते. ते दोन मी पुन्हा लिहिले, उत्तर आणि फोटो सगळ्यात वर आणले. मोबाइलवर पान उघडायला वेळ लागत होता, तिथले जड फोटो हलके केले.

त्याच लेखाला पुन्हा नवं चित्र करणं हेही मी उशिरा शिकले. २०२० च्या सुमारास पिंटरेस्ट ताज्या पिनांना प्राधान्य देतं असं स्पष्ट सांगायला लागलं, आणि ताजी पिन म्हणजे नवं चित्र. लिंक जुनी चालते. तीच पिन दहा बोर्डांवर फिरवत बसण्यापेक्षा गोलाच्या लेखाला मी वर्षात पाच वेगळी चित्रं केली. एकात फक्त हात आणि सुई, एकात टाक्यांच्या संख्येचा तक्ता. तक्त्याची पिन सर्वाधिक सेव्ह होते. विणताना समोर ठेवायला तो लागतो, म्हणून असेल.

ऋतूंचं गणित वेगळं आहे. टोप्यांच्या पिना मी पहिल्या वर्षी थंडी पडल्यावर टाकल्या. तोवर ज्यांना टोपी विणायची होती त्यांनी नमुने निवडून विणायला घेतले होते. पिंटरेस्ट ट्रेंड्सवर एखाद्या शब्दाचा वर्षभराचा आलेख बघता येतो. टोप्यांची रेघ उत्तर गोलार्धातल्या थंडीच्या कितीतरी आधी चढायला लागते. पुढच्या वर्षीपासून उन्हाळा उतरायच्या आत टोप्या माझ्या सुईवर असतात. अंगावर घाम, हातात जाड लोकर, पण काम वेळेवर होतं.

आता माझ्या हातून झालेली मोठी चूक. दुसऱ्या वर्षी मी साइटवरच्या लेखांचे पत्ते बदलले. पत्त्यात वर्ष आणि महिना यायचा, तो काढला की लेख जुना वाटणार नाही असं डोक्यात आलं. रात्री बदल केला, मुखपृष्ठ उघडून पाहिलं, सगळं चालत होतं, झोपले. दहा-बारा दिवसांनी ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवरच्या भेटींचा हिशोब, उघडलं तर सर्वाधिक पाहिलेलं पान होतं ‘पान सापडलं नाही’. पिंटरेस्टवरचे आउटबाउंड क्लिक नेहमीसारखे होते. माणसं येत होती, माझ्या दारात पोहोचत होती आणि दार भिंतीत उघडत होतं. माझ्या स्वतःच्या पिनांवरचा दुवा मला बदलता आला असता. पण वाचकांनी माझ्या पानांवरून परस्पर केलेल्या पिना त्यांच्या होत्या, त्यांच्यावर माझा हात चालणार नव्हता, आणि तोवर त्याच जास्त झाल्या होत्या. उपाय एकच: प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारचा कायमचा रीडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडला की माणसाला आपोआप नव्यावर नेणारी सोय. एकसष्ट लेखांची यादी वहीत केली, जुना पत्ता डावीकडे, नवा उजवीकडे, आणि एकेक दुवा मोबाइलवर उघडून पाहून बरोबरची खूण केली. पहाटे संपलं. ज्यांची त्या दहा-बारा दिवसांत निराशा झाली त्यांचं मला अजून वाईट वाटतं. दीर्घकाळ चालणारं काम हवं असेल तर पत्ता हलवायचा नाही, आणि हलवलाच तर आधी वाट बांधून मगच.

एक खुलासाही करते, कारण तो मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. पिंटरेस्टवरच्या दुव्यांवर नोफॉलोची खूण असते, म्हणजे ‘क्रम लावताना हा दुवा धरू नका’ असं शोधयंत्रांना सांगणारी. त्यामुळे तिथे पिना टाकल्या की गूगलमधला आपला क्रम थेट वर जाईल, अशी आशा धरू नका. येतात ती माणसं. त्यातली काही पुढे साइटचं नाव लक्षात ठेवून येतात, काही पत्रं लिहितात. मला तेवढं पुरतं.

आज तिसरं वर्ष संपताना माझ्या साइटवर येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक पिंटरेस्टवरून येतात, आणि त्यातले बहुतेक वर्षापूर्वीच्या किंवा त्याहून जुन्या पिनांवरून. मध्ये आजारपणात सात आठवडे मी एकही पिन टाकली नाही. आकडा थोडा उतरला, बुडाला नाही. पूर्वी दोन दिवस गप्प राहिले की माझं काम जणू नाहीसं व्हायचं.

गेल्या आठवड्यात वही परत काढली. शोधाच्या सूचनांमध्ये ‘डावखुऱ्यांसाठी’ हा शब्द दिसला आणि मला धक्काच बसला. माझे सगळे फोटो उजव्या हाताचे. डावखुऱ्या बाईला ते पाहून प्रत्येक टाका मनात उलटा करावा लागत असणार, आणि मी इतकी वर्षं त्याचा विचारही केला नव्हता. क्रोशात एक सोय आहे: उजव्या हाताचा फोटो आडवा पलटला की डाव्या हाताचा बरोबर होतो. म्हणून जुने फोटो काढून एकेक पलटतेय. चित्रावरची अक्षरं सोबत पलटू नयेत म्हणून ती नंतर लिहावी लागतात. गोलाच्या लेखाचे अकरा फोटो झालेत. सहाव्या फोटोत सुई टाक्यात नेमकी कुठून शिरते ते मुळातच अंधारात आहे, तो उद्या उजेडात डाव्या हातानं विणून नव्यानं काढायचा आहे.